आडवी पडलेली गाडी आणि आपण एकटेच

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो, बीएमडब्ल्यूच्या आर १२५० जीएसचं २४९. वर तंबू, पाणी, पाने-पक्कड. कच्च्या वाटेवर अशी गाडी आडवी झाली की माणूस आधी हँडलशी झटतो आणि कंबर धरून बसतो.

पहिलं काम किल स्विच दाबायचं. मग पेट्रोल गळतंय का ते बघायचं, आपले हातपाय चाचपायचे आणि बॅगा उतरवायच्या. दहा मिनिटं जातात, जाऊ द्यावीत.

आता उतार पाहा. चाकं चढाकडे आणि सीट खाली असेल, तर गाडी नव्वद अंशांहून जास्त उचलावी लागते. एकट्याच्या बसची ती गोष्ट नाही. अशा वेळी गाडी उभी करण्याआधी फिरवून घ्यायची. क्रॅश गार्डवर टेकलेली गाडी त्याच टेकूभोवती सरकते. पुढचं चाक धरून थोडंथोडं ओढत चाकं उताराकडे आणायची. रंग खरचटेल, खरचटू द्या.

गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, म्हणजे मागचं चाक घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आताच उघडून ठेवा. हँडल असं वळवा की खालची मूठ टाकीजवळ येईल. मग गाडीकडे पाठ करून, सीटच्या कडेला बूड टेकवून उकिडवं बसायचं. एका हातात ती मूठ, दुसऱ्यात मागची ग्रॅब रेल. हात सरळ, पाठ ताठ. जोर मांड्यांचा, आणि छोटी पावलं मागे टाकत जायचं. सगळा भार पहिल्या वीतभर उचलण्यात असतो. गाडी उभी होत जाते तसं तिचं वजन चाकांच्या रेषेवर येतं आणि हातांवरचा भार उतरतो. शेवटी ती इतकी हलकी वाटते की नवखा तिला पलीकडे ढकलून देतो.

उभी केल्यावर इंजिनाचं तेल खाली उतरायला थोडा वेळ द्या. गाडी ओढ्यात पडली असेल तर स्टार्टरला हातच लावू नका: सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं.

मागचं चाक चिखलात रुतलं, तर ॲक्सिलरेटर पिळून ते आणखी खोल जातं. उलट गाडी मुद्दाम आडवी पाडावी. चाक खड्ड्यातून वर येतं, खड्डा दगड-फांद्यांनी भरायचा, गाडी उभी करायची आणि शेजारून चालत, क्लच अर्धा सोडत बाहेर काढायची. धड गाडी आपल्या हाताने पाडणं जिवावर येतं, म्हणून फार कमी जण हे करतात.

दरीकडे घसरली तर दोर आणि दोन कप्प्या लागतात. झाडाला रुंद पट्टा बांधून त्यावर एक कप्पी. दोर गाडीच्या पुढच्या फोर्कला, खालच्या क्लँपजवळ बांधायचा (हँडलला नव्हे) आणि झाडाच्या कप्पीतून परत गाडीकडे न्यायचा. गाडीकडून येणाऱ्या दोरावर प्रुसिक गाठीने (ताण आला की दोर आवळून धरते, ढिली केली की सरकते) दुसरी कप्पी अडकवायची, दोर तिच्यातून घेऊन झाडाच्या दिशेने ओढायचा. तीन मीटर दोर ओढला की गाडी एक मीटर सरकते, जोर हिशेबाने तिसरा हिस्सा, घर्षणामुळे थोडा जास्त. झाडापाशी आणखी एक प्रुसिक लावली की दम खाताना गाडी मागे जात नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू नये. कप्प्या एकमेकींना भिडल्या की भार झाडाजवळच्या गाठीवर सोडायचा, दुसरी गाठ गाडीकडे सरकवायची आणि पुन्हा ओढायला लागायचं.