शेरभर मिठाचा हिशेब

'शिवकालीन थाळी', 'पेशवाई पंगत', 'विस्मरणात गेलेल्या पाककृती' यांचं सध्या पेव फुटलं आहे. त्यात वाईट काही नाही. जुनी पुस्तकं उघडून कुणी मांडे करत असेल, साठवणीचे सांडगे घालत असेल, तर आनंदच आहे. अडचण आहे ती ताटासोबत फुकट वाढल्या जाणाऱ्या विधानांची. हे हजारो वर्षांचं आहे, यात रसायनं नाहीत, आमच्या पणजीला कधी काही झालं नाही, वगैरे. जेवणाच्या गप्पांत ही विधानं खपून जातात. साठवणीच्या पदार्थांत मात्र ती जिवावर बेतू शकतात.

'हे आपलं हजारो वर्षांचं खाणं'

उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे तिकडचेच, बटाटा तिकडचाच, आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. एवढं वजा केलं की उरतं तूप, जिरं आणि मीठ. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. ही पिकं त्यानंतर एकेक करून आली आणि सगळी काही लगोलग स्वयंपाकघरात शिरली नाहीत. टोमॅटो घरोघरी पोचायला तर त्यानंतरही बराच काळ जावा लागला. टोमॅटो-कांद्याच्या लाल रश्श्यातली भाजी शिवकालीन नसते, हॉटेलकालीन असते.

त्याआधी काय खात होते, हे पाहायला 'मानसोल्लास' चांगला. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा हा संस्कृत ग्रंथ साधारण ११२९ ते ११३१ या काळातला. त्यातल्या खाण्याच्या प्रकरणात तिखटपणा मिऱ्यांचा आहे. हिंग आहे, जिरं आहे, पापड आहेत. 'मंडक' आहेत, गव्हाचे आणि उपड्या भांड्यावर भाजलेले. खानदेशात खापरावर मांडे टाकताना ज्यानं पाहिलंय त्याला ही मंडळी लगेच ओळखू येतील. 'इडरिका'ही आहे, पण ती नुसत्या उडदाची. तांदळाचा पत्ता नाही. आणि त्याच ग्रंथात शेतातले काळे उंदीर सोलून, भाजून, मीठ लावून खायची कृती आहे. जुन्या पाककृतींच्या हौशी मंडळींनी ती करून वाढल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणजे निवड आपलीच असते. जुन्या ग्रंथातून आपण आजच्या जिभेला रुचेल तेवढं उचलतो आणि त्यालाच 'परंपरा' म्हणतो.

'पुस्तकात कृती आहे, मग अडचण काय?'

अडचण मापांची. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१०चं. त्या काळची मापं शेर, पावशेर, छटाक, तोळा, मासा. आज कुणीही फोनवर 'शेर म्हणजे किती' असं शोधतो, ९३३ ग्रॅम असं उत्तर मिळतं आणि तो कामाला लागतो. पण ९३३ ग्रॅमचा शेर हा ऐंशी तोळ्यांचा सरकारी शेर. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा आणि त्याचा चाळिसावा भाग म्हणजे शेर. तो भरतो जेमतेम ३१८ ग्रॅम. एकाच शब्दात जवळजवळ तिपटीचा फरक. शिवाय धान्याचा शेर मापाचा, चार शेरांची पायली, आणि त्याचा वजनाच्या शेराशी संबंध नाही. १९५६च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि हा सगळा घोळ मागे पडला. पुस्तकं मात्र त्या घोळासकट शिल्लक राहिली.

सगळे जिन्नस एकाच शेरात दिले असतील तर फारसं बिघडत नाही, प्रमाण तेच राहतं. बिघडतं ते 'शंभर कैऱ्यांना इतके शेर मीठ' अशा धर्तीच्या कृतीत, कारण कैरी मोजून आणि मीठ वजनानं. कैरी कुठली? परसातली रायवळ की वजनदार राजापुरी? दोन्हींच्या शंभर फळांना तेवढंच मीठ घातलं तर एक लोणचं खारट होईल आणि दुसरं पंधरा दिवसांत नासेल. मिठाचंही तसंच. मिठागरातलं जाडं मीठ वाटीत भरलं की खड्यांमध्ये पोकळी राहते. त्याच वाटीत पुडीतलं बारीक मीठ सव्वा-दीडपट भरू शकतं.

लिहिणाऱ्यांनी काही लपवून ठेवलं होतं, असंही म्हणतात. मला ते पटत नाही. वाचणारीला निम्मं माहीत आहे असं ते धरून चालत. 'मीठ बेताचं' लिहिलं की बेत कुठला ते सासू सांगणार होती. सासू-आई हाताशी नसलेल्या वाचकवर्गासाठी घरगुती मापांत सगळं नीट लिहिणारं पुस्तक म्हणून कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७०मध्ये आलं आणि इतकं चाललं, ते उगीच नव्हे. जुनी साठवणीची कृती आज करायची तर शेरांच्या मागे न लागता चिरलेल्या फोडींचं वजन करावं आणि मीठ टक्क्यांत मोजावं. ते कसं, हे पुढच्याच मुद्द्यात येतं.

'लोणचं मसाल्यानं आणि तेलानं टिकतं'

लोणचं टिकतं ते प्रामुख्यानं मिठानं आणि कैरीच्या आंबटपणानं. पदार्थात पाणी असणं वेगळं आणि ते जंतूंना मिळणं वेगळं. मीठ ते पाणी धरून ठेवतं आणि जंतूंच्या पेशीतलं पाणीही ओढून घेतं. मीठ वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या वर गेलं की बहुतेक नासवणाऱ्या जिवाणूंचं काही चालत नाही. मुरंब्यात हेच काम साखर करते, पण तिचं प्रमाण लागतं पासष्ट टक्क्यांच्या आसपास. 'पाक एकतारी झाला का' हे बोटांवर बघणाऱ्या बायका नेमकी ही दाटी तपासत असत. हल्ली रक्तदाबासाठी मीठ निम्मं, मधुमेहासाठी साखर निम्मी, आणि मग तक्रार अशी की पूर्वीसारखं टिकत नाही. टिकणार कसं? कमी मिठाचं लोणचं चवीला उत्तम होतं, मीही तेच खाते. पण ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि लवकर संपवायचं. बरणीला दादरा बांधून माळ्यावर ठेवायचं लोणचं ते नव्हे.

तेलाचं काम वेगळं. वर दोन बोटं तेल असलं की हवा आत जात नाही आणि हवेशिवाय बुरशी वाढत नाही. पण तेल जंतू मारत नाही. उलट काही जिवाणूंना हवा नकोच असते. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार ज्याच्या विषामुळे होतो तो जिवाणू त्यांतलाच. कैरीच्या किंवा लिंबाच्या लोणच्यात आंबटपणापुढे त्याचं काही चालत नाही, कारण पीएच ४.६च्या खाली तो वाढत नाही. लसणाला मात्र असा आंबटपणा नाही. सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर महिनाभर ठेवायचा आणि त्याला 'पारंपरिक' म्हणायचं, हे व्हिडिओंतून सर्रास चालतं. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात तेलातल्या चिरलेल्या लसणानं ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर पडतं ते केवळ चवीसाठी नसतं.

राहिला मसाला. मोहरीत खरोखर जंतूंना आवर घालणारं द्रव्य आहे. नाकात जाणारा तो झणका म्हणजेच ते द्रव्य. पण अख्ख्या मोहरीत ते तयार नसतं. मोहरी फुटली, तिला ओल मिळाली, की तिच्यातलं एक विकर ते बनवतं. म्हणून मोहरी फेसतात. पाणी घालून घोटत राहिलं की आधी काहीच वास येत नाही, मग एकदम डोळ्यांतून पाणी काढते. उष्णतेनं ते विकर मरतं, त्यामुळे फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते पण झणका देत नाही. लोणच्यावर फोडणी पूर्ण गार करून घालायची, या नियमाचं एक कारण हे. हळद-हिंगाची मदत तुलनेनं किरकोळ. आणि युरोपात विटलेल्या मांसाचा वास झाकायला मसाले वापरत, ही तर निव्वळ दंतकथा. ज्याला मिरी परवडत होती त्याला ताजं मांस कधीच परवडत होतं.

याच जागी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पाळी आलेल्या बाईचा हात लागून लोणचं नासत नाही. नासतं ते ओल्या चमच्यानं. थेंबभर पाणी पडलं की तेवढ्या जागी मीठ पातळ होतं आणि बुरशीला पाय ठेवायला जागा मिळते. चमचा कुणाच्या हातात आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पिढ्यान्‌पिढ्या बरणीचं खापर बायकांवर फुटलं.

'कडक ऊन दाखवलं की काम झालं'

वाळवण उन्हापेक्षा वाऱ्याचं आहे. वसई-उत्तनकडे बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगतात ते पाहा. जोडीजोडीनं, जबड्यात जबडा अडकवून, अधांतरी. या माशाच्या वजनात पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं. तो जमिनीवर पसरला तर खालून सडेल. वाऱ्यावर टांगला की मिठाशिवायही वाळतो. बांगडा तेलकट आणि जाड, त्याला मीठ लावावंच लागतं. कोकमाची सोलं नुसती वाळवत नाहीत, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवतात. ज्याच्या त्याच्या पाण्याप्रमाणे ही रीत ठरलेली आहे. हे सगळं आगोटीच्या आत उरकायचं, कारण पावसाळी हवेत ऊन पडलं तरी ओल जात नाही. पावसात बाल्कनीतल्या उन्हावर भरवसा ठेवून सांडगे घालू नयेत.

अर्धवट वाळलेल्या मालावर बुरशी आली तर 'वरची काढून टाका, आतलं चांगलं आहे' हा सल्ला घराघरांत दिला जातो. शेंगदाणे, मका, सुक्या मिरच्या यांवर येणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृत पोखरणारं विष सोडतात. ते डोळ्यांना दिसत नाही, बुरशी पुसल्यानं जात नाही आणि नेहमीच्या भाजण्या-शिजवण्यानं पुरतं नाहीसं होत नाही. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका तसाच साठवला गेला. तो खाऊन शंभरावर माणसं दगावली. कारखान्याचं, डब्यातलं काही नव्हतं ते; घरच्या शेतातला, घरच्या कणगीतला मका होता. 'पूर्वी कुणाला काही होत नव्हतं' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्यांना झालं त्यांच्या पाककृती आपल्यापर्यंत आलेल्या नाहीत.

'तेव्हा रसायनं नव्हती'

होती. पापडात पापडखार, कोहळ्याच्या पेठ्याला चुन्याची निवळी, आवळ्याच्या मुरंब्याला तुरटीचं पाणी. चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून पेठा पाकात विरघळत नाही आणि दाताखाली कुरकुरतो. आयोडीनच्या मिठानं लोणचं बिघडतं हीसुद्धा अफवाच. गठ्ठे होऊ नयेत म्हणून त्यात जे घालतात त्यानं खारवणाचं पाणी जरा गढूळ दिसतं, एवढंच. 'आपल्याकडे पूर्वी सैंधवच वापरत' असं म्हणणाऱ्यांना पेण-उरणची मिठागरं दाखवायला हवीत.

'पेवात गारवा असतो म्हणून धान्य टिकतं'

गारव्याचा फायदा होतोच, पण खरं काम हवेचं आहे. जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं पेव भरून वरून लिंपून टाकलं की आतलं धान्य आणि त्यातले किडे मिळून असलेला प्राणवायू संपवतात आणि कर्बवायू साठतो. मग किडे मरतात आणि नवे वाढत नाहीत. आज गोदामांत हवाबंद पिशव्या वापरतात त्यामागे हेच तत्त्व आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची अशी पेवं होती आणि त्यांत हळद वर्षानुवर्षं चांगली राहत असे. २००५च्या पुरात पाणी शिरून त्यांतली बरीचशी निकामी झाली.

माळावर हौसेनं पेव खणून धान्य साठवायचा विचार असेल तर त्या रीतीचा दुसरा अर्धा भागही उचलावा लागेल. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड उघडं ठेवून वाट पाहत, मग दोरीनं पेटता दिवा आत सोडत. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. घाई करणारे आत गुदमरून मेले आहेत. आज दिव्याच्या जोडीला प्राणवायू मोजायचं यंत्र न्यावं आणि वर दोर धरून दुसरा माणूस उभा करावा.