विस्मरणातल्या लढाया (लेखांक ६) : टांगा, १९१४

गेल्या आठवड्यात आपण फ्रान्सला गेलेल्या हिंदी पलटणींची हकिगत पाहिली. त्याच सुमारास आणखी एक फौज मुंबईहून निघाली होती, आणि तिचं नाव कुणी फारसं घेत नाही. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी सुमारे ८ हजार माणसं मेजर जनरल आर्थर एटकेन यांच्या हाताखाली जर्मन पूर्व आफ्रिकेकडे रवाना झाली. आजच्या टांझानियातलं टांगा बंदर त्यांनी घ्यायचं होतं. तिथे पॉल फॉन लेटो-फोरबेक या जर्मन अधिकाऱ्याकडे लढाईच्या दिवशी जेमतेम हजार माणसं होती. त्यांतली बहुतेक अस्करी, म्हणजे जर्मनांच्या फौजेतले आफ्रिकी शिपाई, आणि कित्येकांच्या हातात १८७१च्या नमुन्याच्या, बार उडाला की धुराचा लोट सोडणाऱ्या बंदुका. तरीही एटकेन यांची फौज तिसऱ्या दिवशी हात हलवत जहाजांवर परतली.

पुढे या पराभवाचं खापर हिंदी शिपायांवर फुटलं. काही पलटणी पळाल्या, हे खरंच आहे. पण पळण्याआधी त्यांच्यावर काय गुजरलं, ते क्रमाने पाहिलं पाहिजे.

आधी मुंबईच्या बंदरातच जहाजांवर दिवसचे दिवस नुसतं ताटकळणं. मग खचाखच भरलेल्या संथ बोटींतून दोन आठवड्यांचा समुद्र. ज्यांनी जन्मात खारं पाणी पाहिलं नव्हतं त्यांची ओकून ओकून दशा झाली. फौजही ठिकठिकाणाहून गोळा केलेली. पालमकोट्टा पलटणीचे मद्रासी, काश्मीर संस्थानाचे डोगरे नि गुरखे, शिंद्यांच्या ग्वाल्हेरचं अर्धं पायदळ, जुन्या मुंबई लष्करातले १०१वे ग्रेनेडियर्स, जोडीला लँकेशायरची एक गोरी पलटण. ही मंडळी एकत्र कधी लढलीच नव्हती. काही पलटणींना नव्या बंदुका निघायच्या तोंडावर मिळाल्या. मोंबासाला पोचल्यावर माणसांना जमिनीवर उतरवून चार दिवस विसावा द्यावा, असं सुचवण्यात आलं होतं. एटकेन यांना त्याची गरज वाटली नाही.

त्यावर कडी केली आरमाराने. २ नोव्हेंबरच्या सकाळी ‘फॉक्स’ ही क्रूझर पांढरं निशाण लावून टांग्याला गेली आणि शरण येण्यासाठी जर्मनांना तासाभराची मुदत दिली. वर बंदरात सुरुंग पेरलेत का, अशीही चौकशी केली! जर्मन अधिकारी ‘विचारून सांगतो’ म्हणून गेला आणि त्याने वर्दी धाडली. सुरुंग नव्हतेच, पण ते शोधण्यात तास गेले. तोवर मोशीकडून उसांबारा रेल्वेने लेटो-फोरबेकच्या कंपन्या यायला लागल्या.

शिपायांना उतरवलं ते बंदरात नव्हे, तर रास कासोने या भूशिराजवळ, रात्रीच्या अंधारात, खारफुटीच्या चिखलात. ३ तारखेला पहाटे १३वे राजपूत आणि ६१वे पायोनियर्स तसेच पुढे गेले, मार खाऊन परतले. ४ तारखेला भर दुपारी सगळी फौज निघाली. वाट रबराच्या नि घायपाताच्या मळ्यांतून. पातीच्या टोकांनी मांड्या सोलून निघत होत्या, शेजारचा माणूस दिसत नव्हता, आणि मशीनगनचा आवाज कुठून येतो तेच कळेना.

तशात मोहोळ उठलं. झाडांना टांगलेल्या पोकळ ओंडक्यांत स्थानिक लोक मधमाश्या पाळत. गोळ्यांनी ते ओंडके फुटले आणि ९८वी पलटण माश्यांच्या तावडीत सापडली. जर्मनांनी तारा बांधून मुद्दाम पोळी फोडली, अशी आवई नंतर उठली. त्यात तथ्य नाही. माश्यांनी जर्मनांच्या मशीनगनवाल्यांनाही सोडलं नव्हतं.

पालमकोट्टाची फळी मोडली. पण त्याच दुपारी, तोच समुद्र नि तेच ऊन सोसलेले काश्मिरी शिपाई लँकेशायरवाल्यांच्या जोडीने शहरात घुसले आणि गल्ल्यांतून, घराघरांतून लढले. डावीकडे १०१व्या ग्रेनेडियर्सवर बगलेतून मशीनगनचा मारा झाला आणि पलटण अक्षरशः कापली गेली. सगळ्यांना एकाच मापाने ‘भित्रे’ म्हणणाऱ्यांनी ही पानं उलटलेली दिसत नाहीत.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट संध्याकाळची. हुकमाच्या गोंधळात जर्मन कंपन्या शहर सोडून मागच्या तळावर गेल्या आणि टांगा काही तास जवळपास मोकळं पडलं. एटकेन यांना पत्ताच नव्हता. त्यांनी परतीचा हुकूम दिला आणि ५ तारखेला माणसं पाण्यातून होड्यांकडे धावली. अवजड सामान न्यायचं नाही, असं ठरल्यामुळे ते किनाऱ्यावरच राहिलं. बरेच जखमीही मागे राहिले; त्यांच्यासाठी पांढरं निशाण घेऊन पुन्हा जर्मनांशी बोलावं लागलं. इंग्रजांच्या बाजूचे ३६०च्या आसपास मेले आणि पाचशेच्या घरात जखमी झाले. लंडनने ही बातमी कित्येक महिने दाबून ठेवली. एटकेन यांना कर्नलच्या हुद्द्यावर उतरवून अर्ध्या पगारावर घरी बसवलं.

लेटो-फोरबेकचं मात्र फावलं. किनाऱ्यावर त्याला ४५५ नव्या रायफली, मशीनगन आणि लाखो काडतुसं आयती मिळाली. धुराच्या बंदुका टाकून त्याच्या काही अस्करींनी त्या रायफली खांद्याला लावल्या, आणि तो नोव्हेंबर १९१८पर्यंत शरण आला नाही. जानेवारी १९१५मध्ये जासिनला त्याची पुन्हा काश्मिरी शिपायांशी गाठ पडली. ती लढाई पुढच्या आठवड्यात.