हाफ डे, टोकन आणि आईची पेन्शन

हाफ डे मागताना आमच्या ऑफिसात सगळे डेंटिस्टचं नाव सांगतात. मी मात्र खरं सांगितलं, "पेन्शनचं काम आहे." बॉस हसला. एकोणतिसाव्या वर्षी कसली रे पेन्शन?

पेन्शन आईची होती. बाबा नोकरीत असतानाच हार्ट अॅटॅकने गेले. त्या कंपनीत त्यांची आठ वर्षं झाली होती. आम्ही १०-डी फॉर्म भरला आणि उत्तर आलं, नामंजूर. सेवा दहा वर्षांपेक्षा कमी! आई म्हणाली, "जाऊ दे रे, नशिबात नाही."

मीही सोडूनच दिलं होतं. मग एका रात्री ईपीएस-९५ चे नियम वाचायला घेतले. दहा वर्षांची अट स्वतः पेन्शन घेणाऱ्याला आहे. माणूस नोकरीत असताना गेला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्याच्या बायकोला पेन्शन मिळते. शिवाय पंचविशीच्या आतल्या दोन मुलांना तिच्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के. माझी बहीण तेव्हा बावीसची.

मग घोळ कुठे होता? दुसरा हाफ डे, टोकन नंबर ८७. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "अहो, इथे राजीनामा दिसतोय." कंपनीच्या एचआरने नोकरी संपल्याचं कारण 'मृत्यू'ऐवजी 'राजीनामा' टाकलं होतं, तारीखही आधीची. कंपनीत गेलो तर म्हणे, "सिस्टीममध्ये आहे तेच बरोबर."

बाबांनी राजीनामा दिला असता, तर आईला आधी कळलं असतं ना!

मग १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाकला. कंपनीने काय कळवलं, त्याची कॉपी ३० दिवसांच्या आत हातात आली. तिला बाबांची शेवटची सॅलरी स्लिप आणि मृत्यूचा दाखला जोडून पुन्हा एचआरसमोर बसलो. या वेळी त्यांनी दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लरेशनवर निमूट सही केली.

पेन्शन सुरू झाली, मागच्या थकबाकीसकट. रक्कम फार मोठी नाही. पण आई पासबुक भरून आणते आणि ती एन्ट्री बोटाने दाखवते.

आता तुमच्यासाठी होमवर्क. आज रात्री सिरीयल सुरू व्हायच्या आधी स्वतःचं पीएफ खातं उघडा. नॉमिनी भरलाय का? जुनी नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण बरोबर आहे का? दहा मिनिटांचं काम आहे. मला चार हाफ डे लागले.