चुलीचा वैल

पारनेर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात चुलीच्या डाव्या अंगाला वैल होता. चुलीवर आजी भाकरी थापायची आणि वैलावर आमटी रटरटत असायची. वैलाला स्वतःचा जाळ नसतो. चुलीतली धग आतल्या भोकातून तिकडे जाते आणि तेवढ्यावर डाळ शिजते, पाणी तापतं. एका जळणात दोन भांडी, ही बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली काटकसर. पण चूल विझली की वैलही गार, ही त्यातली मेख होती. आज गॅस ठेवावा की विजेवर जावं, हा विचार माझ्या घरात चालू असताना ती मेख पुन्हा पुन्हा आठवते. त्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यातल्या चुलीचा गेल्या पन्नासेक वर्षांचा प्रवास मांडून पाहते आहे.

तेव्हाचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, जळणाच्या बाबतीतही दोन तोंडांचा होता. उत्तरेला प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला आणि लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाचं पाचट, चिपाडं अशी चुलीत घालायला काही ना काही तिकडे मिळायचं. दक्षिणेला पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीत मात्र तुराट्या, गोवऱ्या आणि वेडी बाभूळ, एवढाच आधार. सरपणाला बाया पहाटे निघायच्या आणि ऊन चढल्यावर डोक्यावर मोळी घेऊन परतायच्या. ते श्रम कुठल्याही हिशेबात कधी धरले गेले नाहीत. धुराने लाल झालेले डोळे आणि रात्रीचा खोकला, हेही स्वयंपाकाचेच भाग मानले गेले.

हिवरे बाजारने आदर्श गाव योजनेत पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली कुऱ्हाडबंदी पाळली, तेव्हा हा प्रश्न उघड्यावर आला. झाडं वाचवायची तर चूल पेटवायची कशावर? राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या कामातून गोबरगॅस रुजला. शेणाचा गॅस घरात आणि उरलेली मळी शेतात, ही सोय आमच्या भागाला पटण्यासारखी होती. एक घनमीटर गॅसला रोज साधारण पंचवीस किलो शेण लागतं. म्हणजे दावणीला तीन-चार जनावरं असली, की घरचा स्वयंपाक भागतो. पण दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीत गेली, की शेणही त्यांच्याबरोबर छावणीत जातं आणि घरातली शेगडी मुकी होते. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांनी हे दाखवून दिलं. ज्या जनावरांवर चूल चालत होती, ती जनावरंच घरात नव्हती.

मधल्या काळात रॉकेल होतं. पंपाचा स्टोव्ह भरभरायचा आणि पिन मारता मारता हात काळे व्हायचे. वातीचा ‘नूतन’ त्या मानाने शांत. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहणं माझ्या वयाच्या सगळ्या बायकांना आठवत असेल. पण चूल तेव्हाही मोडली नव्हती. चहा स्टोव्हवर व्हायचा, भाकरी चुलीवर.

गॅस मुंबईत 1955 मध्ये ‘बर्शेन’ नावाने आला. ‘इंडेन’ची पहिली जोडणी 1965 मध्ये कोलकात्यात झाली. आमच्याकडे पोहोचायला त्याला फार वर्षं लागली, कारण नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. सिलिंडर पहिल्यांदा घरात आला त्या दिवशी आईने शेगडीला हळदकुंकू लावलं होतं. काडी ओढली की जाळ, आणि भांड्याच्या बुडाला काजळी नाही. तिच्या आयुष्यातले रोजचे दोन तास त्या दिवशी मोकळे झाले.

2016 मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांवर सिलिंडर पोहोचले. मात्र 2023 पर्यंत 14.2 किलोच्या सिलिंडरने अकराशेचा आकडा गाठला, तेव्हा मजुरी करणाऱ्या घरांतून रिकामी टाकी कोपऱ्यात उभी आणि शेजारी चूल पेटलेली, हे चित्र मी पाहिलं आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो आणि त्यातला बराचसा आखातातून. तिकडच्या समुद्रात खळबळ झाली की तिची झळ पाथर्डीच्या वस्तीवरच्या भाकरीला लागते.

विजेची गोष्ट वेगळी. श्रीरामपूर, राहुरी भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था चार दशकं वीज वाटत होती. 2011 मध्ये ते काम महावितरणकडे आलं. दिवा, पंखा, गिरणी, मोटार इथवर वीज घराघरांत रुळली, पण चुलीपाशी येऊन थांबली. कारण 2005 नंतरची ती भारनियमनाची वर्षं. खेड्यात दिवसाचे बारा-बारा तास अंधार असायचा. कॉइलच्या शेगडीवर पातेलं अर्धं शिजलं की वीज जायची आणि परत सरपणाकडे धाव घ्यावी लागायची. पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे झाले आणि घरातली वीज स्थिरावली. तरी आमच्या पिढीच्या मनातला अविश्वास सहज जात नाही.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत शहाणपणाचं उत्तर दिसलं ते शिर्डीत. 30 जुलै 2009 रोजी साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 73 सौर तबकड्या सुरू झाल्या. एकेक तबकडी 16 चौरस मीटरची. सूर्याबरोबर फिरत ती ऊन एका बिंदूवर आणते आणि त्यातून वाफ तयार होते. पाणी आणि वाफ तापण्याच्या बळावरच फिरतात, पंप लागत नाही. खर्च 1 कोटी 33 लाखांचा, त्यात केंद्र सरकारची मदत सुमारे 58 लाखांची. वर्षाला जवळपास लाख किलो गॅस वाचेल असा अंदाज होता. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही यंत्रणा आधीच्या बॉयलरला जोडलेली आहे. ढग आले, रात्र झाली, तरी डाळ-भात थांबत नाही. हजारो भक्तांचं जेवण एकाच चुलीवर अवलंबून ठेवायचं नाही, हे तिथे पक्कं ठरलं होतं.

एकाच चुलीवर विसंबायचं नाही, हे शहाणपण समुद्रातही लागतं. शिर्डीतल्या तबकड्या सुरू झाल्यावर तीनच आठवड्यांनी, 19 ऑगस्ट 2009 रोजी, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. अशा बोटींवर जगभरच्या दर्यावर्दींना हाच प्रश्न पडतो: गॅस की वीज? गॅस म्हणून वापरला जाणारा प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साठतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या बाजूला, तळाशी भोक असलेल्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात. विजेवर रांधायचं तर सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांचा साठा हवा, आणि चार दिवस आभाळ दाटलं की तो साठा आटतो. समुद्रात शेजारीण नाही, जिच्याकडून विस्तव मागून आणावा. म्हणून जाणते खलाशी दुसरी सोय ठेवतात. आपल्या घरातलं एलपीजीही हवेपेक्षा जडच, त्यामुळे गळतीचा वास आला की बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडायच्या, हा धडा घरालाही तितकाच लागू आहे.

आता हिशेब. एका सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिटांइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्याला मिळते, बाकी कडेने निघून जाते. इंडक्शन पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पोहोचवतं. म्हणजे एका सिलिंडरचं काम साधारण 130 ते 135 युनिटांत होतं. दीड महिना सिलिंडर पुरणाऱ्या घराला महिन्याला नव्वद युनिटं जास्त लागतील. पण महिन्याचा वापर शंभर युनिटांपलीकडे गेला की दर चढतो, त्यामुळे ही युनिटं स्वस्त पडतीलच असं नाही. गच्चीवर पॅनेल असतील तर गणित पालटतं. 2024 मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं. शिवाय इंडक्शनला लोखंड किंवा तसं खास बूड लागतं. घरातली जर्मनची, तांब्या-पितळेची भांडी त्यावर तापत नाहीत. आणि तव्यावरून उतरवून आहारावर टम्म फुगवलेली भाकरी त्यावर होत नाही, हे मी सुनेलाही सांगितलं आहे.

आम्ही ठरवलं ते असं. भाकरी, फोडणी, सणाचा स्वयंपाक गॅसवर. चहा, दूध, डाळ-भात इंडक्शनवर, जमेल तितकं दिवसा, गच्चीवरचं ऊन वापरून. कुणाला हा निर्णय अर्धवट वाटेल. पण गेल्या पन्नास वर्षांत या जिल्ह्यात आलेली प्रत्येक नवी आग कधी ना कधी विझली आहे: कधी दुष्काळाने, कधी रेशनच्या रांगेत, कधी भारनियमनाने, कधी भाव वाढल्याने. दर वेळी उपाशी पोरांसमोर उभी राहिली ती घरातली बाई.

आजीचा वैल तिच्या चुलीच्या धगीवर जगायचा. गॅसच्या दोन बर्नरांचंही तसंच आहे, टाकी संपली की दोन्ही गार. माझ्या ओट्यावर इंडक्शन आता वैलाच्याच जागी, डाव्या अंगाला आहे. पण त्याची धग स्वतःची आहे. परवा पहाटे टाकी संपली, तेव्हा सुनेने पातेलं उचलून इकडे ठेवलं आणि आमटी शिजत राहिली. आजी असती तर तिला हे सर्वांत आधी कळलं असतं.