पिळाची सळई व मोटारीची उंची

१९६१ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत जगापुढें आलेल्या जग्वार ई-टाइप मोटारीचें लांब नाक सर्वांच्या नजरेंत भरतें. त्याचा भार कशावर तोललेला आहे, हें मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. पुढल्या चाकांवर वेटोळ्याची स्प्रिंग नाहीं. प्रत्येक बाजूस पोलादाची एक लांब सळई आहे. चाक वर उचललें गेलें कीं ती पिळली जाते, व पीळ उलगडतांना चाकास पुनः खालीं लोटते.

वर्षानुवर्षें भार सोसून सळई थकते आणि गाडी पुढें बसते, कित्येकदां एकाच अंगास. मग चाकांवरील भार विषम होतो, व जोराचा ब्रेक लागतांच हलकें चाक आधीं घसरूं लागतें.

उपाय सळईच्या टोकांतच आहे. एका टोकास २४ दांते, दुसऱ्यास २५! विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा: पहिला दांता १५ अंशांचा, दुसरा १४.४ अंशांचा. म्हणून एका टोकास एक दांता पुढें व दुसऱ्यास एक मागें घेतल्यास फरक केवळ ०.६ अंश पडतो. दोन्हींकडे २४ दांते असते, तर १५ अंशांहून बारीक फेरफार करतांच आला नसता.

उंची मोजण्यापूर्वीं जमीन सपाट, टायरांत हवा योग्य व टाकी भरलेली असावी. पीळ पुरता उतरविल्यावांचून बोल्ट काढणें म्हणजे हात गमावण्याची तयारीच होय. सळईस ओरखडाही पडूं देऊं नये. तडा तेथूनच जातो. हातोडाप्रिय मिस्त्र्यांस हें कोण सांगणार? काम झाल्यावर गाडी थोडी चालवून उंची पुनः मोजावी, आणि नंतरच दिव्यांचा झोत जुळवावा.