घड्याळ लंडनचे, झोप अकोल्याची

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून रात्री दोन वाजता निघालेले विमान साधारण दहा तासांनी लंडनला उतरले, असे समजू. तेथे त्या वेळी सकाळचे साडेसहा वाजलेले असतील आणि बाहेर मिट्ट काळोख असेल. प्रवासी आहेत अकोल्याचे एक आजी-आजोबा, लेकाकडे प्रथमच निघालेले. (अकोले म्हणजे आपले प्रवरेकाठचे, विदर्भातले अकोला नव्हे.) मुलाने हौसेने त्याच दिवसाचा बेत आखून ठेवला आहे: सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी टॉवर ब्रिज, संध्याकाळी मित्राकडे जेवण. प्रत्यक्षात काय होते? दुपारी चारलाच आजींना बसल्या जागी डुलकी लागते, जेवणाच्या ताटावर आजोबांचे लक्ष नसते, आणि रात्री एक वाजता दोघेही टक्क जागे होऊन स्वयंपाकघरात चहाची पातेली शोधू लागतात.

यात मुलाचा दोष नाही आणि आजी-आजोबांच्या वयाचाही फारसा नाही. चार वाजता म्हणजे भारतात रात्रीचे साडेनऊ. रात्री एक म्हणजे भारतात सकाळचे साडेसहा. मनगटावरचे घड्याळ लंडनचे झाले, पण शरीरातले घड्याळ अजून अकोल्यातच आहे. याला ‘जेट लॅग’ म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी तो आता मराठीत रुळला आहे, म्हणून आपणही तोच वापरू.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. रात्रीच्या विमानाने जाणाऱ्याला दोन वेगळे त्रास होतात आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. पहिला म्हणजे साधा प्रवासाचा शीण. आपले आजी-आजोबा सकाळी सहाला उठले, दुपारी राजूर, भंडारदरा, घोटी करत कसारा घाट उतरले, रात्री विमानतळावर तीन-चार तास बसले. विमान सुटले तेव्हाच त्यांना वीस तासांचे जागरण झालेले होते. त्यात विमानातली हवा. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते. आतल्या हवेचा दाब वाढवलेला असतो, पण तो जमिनीवरच्या इतका नसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवर जेवढा दाब असेल, तेवढाच तो ठेवतात. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे दुपारी ज्या कळसूबाईच्या पायथ्यावरून, बारी गावावरून ते गेले, तिच्या माथ्यावरच्या हवेपेक्षाही विरळ हवेत त्यांनी रात्र काढली! शिवाय ती हवा अतिशय कोरडी असते. घसा सुकतो, डोके जड होते. हा शीण एका रात्रीच्या नीट झोपेने आणि भरपूर पाण्याने उतरतो. दुसरा त्रास, म्हणजे खरा जेट लॅग, मात्र झोपेने जात नाही. त्याला घड्याळाचे काटे फिरवावे लागतात.

हे घड्याळ आहे तरी कोठे? १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. म्हणजे वेळेचे भान रोपाच्या आतच होते. माणसात हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मज्जा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर असते. सुमारे २०,००० पेशींचा तो एक लहानसा पुंजका आहे. पेशीतले एक प्रथिन रात्री साठत जाते, साठा वाढला की स्वतःचेच उत्पादन थांबवते, मग हळूहळू नष्ट होते आणि चक्र पुन्हा सुरू होते. फळमाशीवर काम करून ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृत, आतडी यांचीही आपापली लहान घड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळांवरून लागतात. मध्यरात्री भूक लागते ती यामुळे.

माणसाच्या या घड्याळाचा फेरा बरोबर २४ तासांचा नसतो. सूर्य आणि मनगटी घड्याळ यांपासून माणसाला दूर ठेवून मोजले, तर तो सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास भरतो. म्हणजे आपले घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि रोज उजेड त्याला पुन्हा जागेवर आणतो. डोळ्यांत यासाठी निराळ्या पेशी आहेत. त्या चित्र पाहण्याच्या कामाच्या नाहीत. किती उजेड आहे, विशेषतः निळसर उजेड किती आहे, एवढेच त्या मेंदूला कळवतात.

येथे पदार्थविज्ञानाच्या माणसाला गप्प बसवत नाही. एका दोऱ्याला दगड बांधून लंबक करा आणि तो हलत असताना त्याच्या गतीच्या दिशेने बोटाने हलकी टिचकी द्या. टिचकी लंबक सर्वांत खालच्या बिंदूला पोचण्याआधी दिली, तर तो वेळेच्या पुढे जातो. तो बिंदू ओलांडल्यावर दिली, तर मागे पडतो. नेमकी त्या बिंदूवर दिली, तर झोका तेवढा मोठा होतो, वेळ बदलत नाही. टिचकी तीच, परिणाम मात्र ती केव्हा दिली यावर अवलंबून. शरीराच्या घड्याळाला उजेड ही अशीच टिचकी आहे.

त्यालाही एक ‘सर्वांत खालचा बिंदू’ आहे. आपल्या शरीराचे तापमान दिवसभरात अर्धा ते एक अंश सेल्सिअसने वरखाली होते. ते संध्याकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि पहाटे, नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास, सर्वांत कमी असते. दहाला झोपून सहाला उठणाऱ्याच्या बाबतीत ही नीचतम वेळ पहाटे चारच्या सुमारास येते, असे धरू. या वेळेच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर प्रखर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकते, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप उशिरा येते. तिच्या नंतरच्या काही तासांत पडला तर घड्याळ पुढे सरकते, झोप लवकर येते. लंबकाच्या अगदी उलट क्रम, पण तत्त्व तेच. भर दुपारच्या उजेडाने विशेष फरक पडत नाही.

एवढी किल्ली हाती आली की कोणत्याही प्रवासाचा हिशेब करता येतो. आपल्या आजींची नीचतम वेळ पहाटे चार, म्हणजे हिवाळ्यातल्या लंडनमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा. त्यांना घड्याळ साडेपाच तास मागे न्यायचे आहे, म्हणून उजेड हवा तो साडेदहाच्या आधी, दुपारी उशिरा आणि संध्याकाळी. जानेवारीत तेथे चारलाच सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी दोन ते चार त्यांना बागेत फिरवावे. आभाळ भरलेले असले तरी हरकत नाही. ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स मिळतात. मग घरातले सगळे दिवे लावून गप्पा मारत त्यांना नऊ-साडेनऊपर्यंत जागे ठेवावे. सकाळी पोचल्यावर फारच ग्लानी आली तर अर्ध्या तासाची झोप चालेल, पण गजर लावून; तीन तास झोपू दिले तर रात्र हातची गेली. म्युझियम तिसऱ्या दिवशीही तेथेच असते. घड्याळ मागे नेणे शरीराला तुलनेने सोपे जाते, कारण त्याचा स्वतःचा कलच मागे पडण्याकडे आहे. रोज साधारण दीड तास या गतीने चौथ्या दिवसापर्यंत त्यांचे बस्तान बसेल.

पूर्वेकडे जाताना मात्र खरी गंमत होते. २०२३ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान ऑलिंपियाड टोकियोत झाले. पाच-पाच तासांच्या दोन परीक्षा असतात तेथे, एक प्रायोगिक आणि एक लेखी. तुमच्यापैकी कोणी अशा संघात आहे असे समजा. टोकियो आपल्यापुढे साडेतीन तास. प्रश्नपत्रिका सकाळी नऊला हाती आली, तर तुमच्या शरीराच्या दृष्टीने पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील! आता कोणीही शहाणा मनुष्य सांगेल, की आदल्या दिवशीपासून लवकर ऊठ, उन्हात फिरून ये. जुलैत टोकियोला साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो. पण तुमची नीचतम वेळ तेथल्या साडेसातला आहे. पाच वाजता उन्हात फिरलात, तर ती टिचकी बिंदूच्या आधी बसेल. घड्याळ पुढे जाण्याऐवजी मागे सरकेल आणि तुम्ही टोकियोपासून आणखी दूर जाल. पहिल्या दिवशी साडेसातपर्यंत पडदे ओढून ठेवणे आणि त्यानंतर अकरापर्यंत जितके जमेल तितके बाहेर राहणे हे खरे औषध. ‘उन्हात फिरा’ हा सल्ला अर्धाच आहे; केव्हा, हे सांगितल्याशिवाय तो देऊ नये. पुढे जाण्याची गती दिवसाला जेमतेम एक तास असते, म्हणून अशा वेळी परीक्षेच्या तीन-चार दिवस आधी पोचणे बरे. तेही शक्य नसेल, तर निघण्याआधी तीन-चार दिवस घरीच रोज अर्धा-पाऊण तास लवकर निजावे, लवकर उठावे आणि उठल्याबरोबर अंगणात यावे.

अमेरिकेचा हिशेब वेगळाच अवघड आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असते. जवळजवळ अर्धा फेरा झाल्यामुळे शरीर मागे जावे की पुढे, या संभ्रमात पडते आणि आठवडा, कधी जास्तही, जातो.

हा त्रास आपल्या पणजोबांच्या पिढीला ठाऊक नव्हता. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. दोन्ही शहरांतला रेखांशांचा फरक सुमारे १६२ अंश. अंशाला ४ मिनिटे या दराने १० तास ४८ मिनिटे. हे अंतर सुमारे ६० दिवसांत कापले म्हणजे दिवसाला सरासरी ११ मिनिटे. शरीराला कळलेही नसेल. बोट लागण्याचा त्रास निराळा! ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनीव्हा असे थांबे घेत लंडनला निघाले, तेव्हापासून हा हिशेब बदलला. आजचे विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. ५० अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १०७० किलोमीटर वेगाने फिरतो. म्हणजे पश्चिमेला जाणारे विमान सूर्याशी जवळजवळ बरोबरीने धावते. आपल्या आजी-आजोबांनी वाटेत सहानंतर सूर्यास्त झालेला पाहिला आणि पुढचा सूर्योदय लंडनला आठनंतर, म्हणजे भारतातल्या दुपारी दीडनंतर. साडेएकोणीस तासांची रात्र झाली ती!

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती हौसेची नाही. मधुमेहाचे इन्शुलिन घेणाऱ्याने दिवस साडेपाच तासांनी लांबला तर कोणता डोस केव्हा घ्यावा, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. विमानात अंदाजाने ठरवू नये. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच. आणि पोचल्या दिवशी मोटार चालवू नये. लंडनला आपल्यासारखीच डावीकडून वाहने चालतात, म्हणून मोह होतो. पण तेथल्या संध्याकाळी सातला चालकाच्या मेंदूत मध्यरात्र उलटून गेलेली असते.

आजी-आजोबा दोन महिन्यांनी परततात, तेव्हा त्यांना टोकियोचाच नियम लागतो. आता त्यांची नीचतम वेळ लंडनच्या पहाटे चारला, म्हणजे आपल्या साडेनऊला आहे. अकोल्यात पहिले एक-दोन दिवस सकाळी सातला ओट्यावर ऊन खात बसणे त्यांना उलटे पडेल. साडेनऊनंतर खुशाल बसावे.

ज्यांनी विमान केवळ आकाशात पाहिले आहे, त्यांनाही हा त्रास होतो. गळीत हंगामात साखर कारखान्यातल्या माणसाची पाळी आठ तासांनी बदलली, की त्याने जणू लंडनच्याही पलीकडचा प्रवास केला. फरक एवढाच, की लंडनचा सूर्य प्रवाशाला मदत करतो. रात्रपाळीवाल्याचा सूर्य त्याच्या विरुद्ध असतो. सकाळी घरी जाताना तो नेमका नको तो उजेड घेतो. त्याने काळा चष्मा लावला तर ती ऐट समजू नये. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते तेव्हा बारे द्यायला जागणाऱ्या तुमच्या वडिलांनाही दुपारी खोलीत अंधार करून झोपू द्या.

तुमची स्वतःची नीचतम वेळ शोधायची असेल, तर सुट्टीत करून पाहा. काखेत धरायचा साधा तापमापक घ्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दर दोन तासांनी, दहा मिनिटे स्वस्थ बसून, तापमान टिपा. जेवण, खेळ किंवा आंघोळ झाल्यावर लगेच मोजू नका. एकदा वडीलधाऱ्यांना सांगून पहाटे चारला आणि सहालाही उठून मोजा. असे तीन-चार दिवसांचे आकडे आलेख कागदावर मांडा, आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर तापमान. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या भावाचा आलेखही त्याच कागदावर वेगळ्या शाईने काढा.