लाटेने सरकवलेला तळ

ऑगस्ट 1969. कॅमिल चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातातून गेलं आणि मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचा शेल कंपनीचा तेलाचा प्लॅटफॉर्म आडवा झाला. सुमारे 100 मीटर खोल पाण्यातला हा पोलादी सांगाडा लाटांचा मार गृहीत धरूनच बांधलेला होता. पाहणीत दिसलं, की त्याचा पायाच उताराच्या दिशेने सुमारे 30 मीटर सरकला आहे. खालचा गाळच निघून गेला होता.

तोवर लाटेचा हिशेब मुख्यतः प्लॅटफॉर्मच्या खांबांपुरता मांडला जाई. पुढच्याच वर्षी डी. जे. हेंकेल यांनी ‘जिओटेक्निक’ या नियतकालिकात तो तळापर्यंत नेला. लाट साधारण तिच्या अर्ध्या लांबीइतक्या खोलीपर्यंत जाणवते. वादळी लाट 250 मीटर लांबीची असेल, तर 100 मीटरवरचा तळ तिच्या आवाक्यात येतो. माथ्याखाली तळावरचा दाब वाढतो, दोन माथ्यांमधल्या खोलगट भागाखाली तो घटतो. मऊ गाळाला ही ओढाताण सोसत नाही, तो घसरतो.

मिसिसिपीचा गाळ बराचसा चिकणमातीचा. सैल, बारीक वाळूचं वागणं वेगळं आणि माझ्या मते अधिक थक्क करणारं. तिचे कण एकमेकांवर टेकलेले असतात, म्हणून ती भार पेलते. लाटांमागून लाटा येतात तसे कण हलतात, जवळ सरकू पाहतात. फटींतल्या पाण्याला मात्र बाहेर पडायला वेळ मिळत नाही. पाण्याचा दाब साठत जातो, कणांची पकड सुटते आणि तळ दाट द्रवासारखा वागू लागतो. काँक्रीटचे ठोकळे त्यात बुडतात. पुरलेली हलकी पाइपलाइन उलट वर येते.

1964च्या निगाता भूकंपानंतर एच. बोल्टन सीड यांनी जमिनीच्या अशा द्रवीकरणाचा कसून अभ्यास केला होता. 1978 मध्ये त्यांनी एम. एस. रहमान यांच्यासह तोच विचार लाटांना लावला. हे काम फार मोलाचं. भूकंप थोडक्यात आटोपतो, वादळ तासन्‌तास तळ घुसळतं. त्यामुळे साठणाऱ्या दाबाबरोबर निचरा होणाऱ्या दाबाचाही हिशेब ठेवावा लागतो. जाड वाळू बहुधा तगते ती या निचऱ्यामुळेच.

पुढे प्रयोगशाळांत लाटांच्या टाक्या बांधून हे पडताळलं गेलं, युरोपात तर त्यासाठी खास संयुक्त प्रकल्पही झाला.

तरीही सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन वादळात त्याच मिसिसिपीच्या मुखाजवळ चिखल पुन्हा घसरला. टेलर एनर्जीचा प्लॅटफॉर्म कोसळला, त्याच्या विहिरी गाळाखाली गाडल्या गेल्या. त्यांतून झिरपणारं तेल गोळा करणारी यंत्रणा तिथे बसली ती 2019 मध्ये.